काठावरचे अभ्यासक

आधुनिक नाटकाच्या विद्यापीठीय समीक्षेचा पाया ज्या ग्रंथांनी घातला, त्यांतले चार प्रमुख ग्रंथ अवघ्या पंधरा वर्षांत प्रसिद्ध झाले. एरिक बेंटली यांचा 'द प्लेराइट अ‍ॅज थिंकर' १९४६ साली आला. त्यानंतर १९५२ मध्ये रेमंड विल्यम्स यांचा 'ड्रामा फ्रॉम इब्सेन टू एलियट', १९५६ मध्ये पेटर सॉन्डी यांचा आधुनिक नाटकाच्या सिद्धान्तावरचा छोटा जर्मन ग्रंथ आणि १९६१ मध्ये मार्टिन एसलिन यांचा 'द थिएटर ऑफ द अ‍ॅब्सर्ड'. यांपैकी इंग्रजीतले तीन ग्रंथ आपल्याकडच्या संदर्भसूच्यांत हटकून सापडतात. चौथा, म्हणजे सॉन्डींचा, क्वचितच.

संदर्भसूचीत नाव गेले की ग्रंथाला एक प्रकारचा सरकारी शिक्का बसतो. वाचणाऱ्याला वाटते, कुठल्याशा प्रशस्त विद्यापीठात, भरल्या ग्रंथालयात, कायम नोकरीच्या निश्चिंतीत बसून कुणा प्राध्यापकाने हे सावकाश लिहिले असावे. वस्तुतः या चारांपैकी एकही ग्रंथ अध्यासनावर बसून लिहिलेला नाही. एक लेखक नोकरीच्या शोधात महाविद्यालये बदलत होता, दुसरा कामगारांचे संध्याकाळचे वर्ग घेत होता, तिसरा छळछावणीतून वाचलेला विद्यार्थी होता आणि चौथा नभोवाणीत नोकरीला असलेला निर्वासित होता. नाटकाविषयीचे त्यांचे सिद्धान्त या परिस्थितीतून गणितासारखे निघाले, असे आम्हांस म्हणायचे नाही. पण ती परिस्थिती पुसून टाकून सिद्धान्त तेवढा शिकवला की त्याचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. कारण ते आपल्याच वर्गांत घडते.

जिवंत नाटककार हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय आहे, ही कल्पना रुजायला फार वेळ लागला. ग्रीक शोकांतिका आणि शेक्सपिअर यांना प्रवेश होता. पण इब्सेनचे 'डॉल्स हाउस' १८७९ साली आले तेव्हा त्याच्याविषयी गंभीरपणे लिहिणारे लोक विद्यापीठांबाहेरचे होते. इंग्रजीत त्याची भाषांतरे करणारे विल्यम आर्चर हे वृत्तपत्रीय समीक्षक होते आणि १८९१ साली इब्सेनवर पुस्तक लिहिणारे शॉ तर स्वतः नाटककार होण्याच्या वाटेवर होते. अमेरिकेत ब्रँडर मॅथ्यूज यांना कोलंबिया विद्यापीठाने १९०० साली नाट्यवाङ्मयाचे प्राध्यापक केले, तेव्हा त्या देशात हे पद नवेच होते. ब्रिटनमधल्या विद्यापीठातला पहिला नाट्यविभाग ब्रिस्टलला निघाला तो १९४७ साली. नोराने दार लावून घेतल्याला तोवर अडुसष्ट वर्षे झाली होती.

जर्मनीची गोष्ट निराळी आहे आणि ती थोडी विस्ताराने सांगायला हवी. बर्लिन विद्यापीठातले माक्स हेरमान हे मूळचे जर्मन वाङ्मयाचे अभ्यासक. मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन जर्मन रंगभूमीवरच्या १९१४ सालच्या त्यांच्या ग्रंथाने एक मूलभूत भेद पुढे आणला. नाटक ही वाङ्मयकृती आणि रंगभूमी ही घटना, या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दुसरीचा अभ्यास पहिलीच्या साधनांनी होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रयोगात नट असतो, अवकाश असतो आणि प्रेक्षक असतो. प्रेक्षक हा केवळ पाहणारा नसून त्या घटनेचा भागीदार असतो. आज हे वाक्य कुणीही सहज बोलून जाईल. त्या काळी मात्र संहितेपलीकडे काही अभ्यासण्याजोगे आहे, हे वाङ्मयाच्या पंडितांना पटवणे अवघड होते. १९२३ साली बर्लिनला रंगभूमीच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था उभी राहिली तिच्यामागे हेरमान यांची ही चिकाटी होती. ज्यू असल्यामुळे पूर्ण प्राध्यापकपद मिळायला त्यांना १९३० साल उजाडावे लागले. तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते. तीन वर्षांत नाझी सत्तेने ते काढून घेतले. हेरमान बर्लिनमध्येच राहिले आणि नटाच्या व्यवसायाचा उगम कसा झाला यावरचे पुस्तक लिहीत राहिले. १९४२ च्या सप्टेंबरात त्यांना पत्नीसह टेरेझिनश्टाटच्या छावणीत पाठवण्यात आले आणि त्याच नोव्हेंबरात ते तिथे वारले. पत्नी हेलेने हेरमान याही वाङ्मयाच्या मान्यवर अभ्यासक होत्या. त्यांचा शेवट १९४४ मध्ये आउश्विट्झमध्ये झाला. ते पुस्तक १९६२ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, छापून आले.

आधुनिक नाटकाच्या समीक्षेचा इतिहास सांगताना हेरमान यांचे नाव सहसा येत नाही, कारण त्यांनी आधुनिक नाटककारांवर ग्रंथ लिहिला नाही. आमच्या मते ते येथूनच सुरू व्हायला हवे. युद्धानंतर या विषयावर जे मोठे ग्रंथ झाले ते जवळजवळ सगळे संहितेकडे परतले, आणि या परतण्याची किंमत पुढे मोजावी लागली. बर्लिनची परंपरा मध्येच तुटली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न निरर्थक असला तरी मनातून जात नाही.

बेंटली यांच्याबद्दल थोडक्यात. जन्म इंग्लंडमधल्या बोल्टनचा, १९१६ सालचा. शिक्षण ऑक्सफर्डला, १९४१ ची डॉक्टरेट येलची. १९४२ मध्ये लॉस एंजेलिसला शिकवत असताना त्यांची निर्वासित ब्रेख्टशी गाठ पडली आणि ब्रेख्टला इंग्रजीत आणण्याचे काम पुढे आयुष्यभर त्यांना पुरले. नाटककार हा विचार करणारा माणूस असतो, तेव्हा कादंबरी आणि कविता यांना जो निकष लावता तोच नाटकालाही लावा, एवढेच 'प्लेराइट अ‍ॅज थिंकर'चे म्हणणे. आज ते बिनविरोध मान्य होईल. १९४६ च्या अमेरिकेत ब्रॉडवेची धंदेवाईक रंगभूमी हीच नाटकाची सर्वोच्च अदालत मानली जात होती आणि विद्यापीठीय वाङ्मयसमीक्षा नव्या नाटकाकडे करमणूक म्हणून पाहत होती. हा माणूस दोघांशीही भांडला. ग्रंथाची भाषा ठिकठिकाणी तिखट आहे आणि आजही वाचताना ती शिळी वाटत नाही. मांडणी मात्र विस्कळीत आहे, हेही म्हटले पाहिजे. पुढे कोलंबियाने त्यांना ब्रँडर मॅथ्यूज यांच्याच नावाचे अध्यासन दिले. १९६९ साली त्यांनी ते सोडले. अमेरिकन काँग्रेसच्या समितीने कलावंतांच्या ज्या चौकश्या केल्या होत्या, त्यांच्या कागदपत्रांवरून १९७२ साली त्यांनी नाटक रचले, आणि २०२० मध्ये वयाच्या एकशे चौथ्या वर्षात ते वारले.

विल्यम्स हे वेल्सच्या सीमेवरच्या पँडी या खेड्यातल्या रेल्वे सिग्नलमनचे चिरंजीव. १९३९ मध्ये शिष्यवृत्तीवर केंब्रिजला आले, मध्येच युद्धावर गेले, नॉर्मंडीच्या लढाईत रणगाड्यांच्या तुकडीवर अधिकारी होते आणि १९४५ मध्ये पदवीचे उरलेले वर्ष पुरे करायला परतले. परतले तेव्हा केंब्रिजही बदलले होते आणि तेही. युद्धापूर्वीचे डाव्या चळवळीतले सोबती पांगले होते. अशा वेळी त्यांना इब्सेन भेटला आणि अंतिम परीक्षेसाठी त्यांनी त्याच्यावर पंधरा हजार शब्दांचा प्रबंध लिहिला. ज्या इब्सेनमध्ये इतरांना सुधारणावाद दिसत होता, त्यात विल्यम्स यांना दुसरेच काही दिसले: मुक्तीची खरी आकांक्षा बाळगणारी माणसे, आणि त्याच आकांक्षेच्या वाटेवर आपल्याच भूतकाळात अडकून पडलेली. पुढे दिलेल्या दीर्घ मुलाखतींत त्यांनी या वाचनाचा आपल्या तेव्हाच्या मनःस्थितीशी असलेला संबंध लपवलेला नाही.

१९४६ ते १९६१ अशी पंधरा वर्षे विल्यम्स यांनी प्रौढशिक्षणाचे वर्ग घेतले. ससेक्सच्या गावांतून दिवसभर काम करून आलेल्या माणसांपुढे नाटक वाचायचे, आणि तेही रंगभूमी हाताशी नसताना. 'ड्रामा फ्रॉम इब्सेन टू एलियट'मधली संहितेवरची बारीक नजर केंब्रिजच्या सूक्ष्म वाचनाच्या शिस्तीतून आली, असे नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे; पण अर्धेच. त्या वर्गात प्रत्येक विधान ओळीवर बोट ठेवून सिद्ध करावे लागत असणार, कारण समोरच्या माणसांना परीक्षेची भीती नव्हती आणि प्राध्यापकाचा दरारा तर मुळीच नव्हता. १९५४ चे 'ड्रामा इन परफॉर्मन्स' हे त्यांचे छोटे पुस्तक आपल्याकडे फारसे वाचले जात नाही. लिहिलेले नाटक आणि केलेले नाटक यांचे नाते प्रत्येक काळाच्या रंगमंचानुसार कसे बदलत गेले, हा त्याचा विषय. हेरमान यांच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारे पुस्तक इंग्रजीत हेच होते.

त्याच वर्षी मायकल ऑरम यांच्यासह लिहिलेल्या चित्रपटविषयक पुस्तिकेत विल्यम्स यांनी 'स्ट्रक्चर ऑफ फीलिंग' ही संज्ञा प्रथम वापरली. आपण तिला 'जाणिवेची संरचना' म्हणू. एखाद्या काळातली जगण्याची जी तऱ्हा त्या काळच्या विचारप्रणालींत अजून नोंदली गेलेली नसते, पण कलाकृतीच्या रूपबंधात मात्र उमटलेली असते, तिला त्यांनी हे नाव दिले. ही संज्ञा पुढे सांस्कृतिक अभ्यासाच्या बाजारात इतकी फिरली की ती नाटकाच्या अभ्यासातून निघाली याचा विसर पडला. नाटकात एक रूढी मोडते आणि दुसरी अजून तयार नसते, तो सांधा पकडण्यासाठी तिची योजना होती.

१९६८ साली त्यांनी पहिला ग्रंथ पुन्हा लिहिला आणि त्याचे नाव 'ड्रामा फ्रॉम इब्सेन टू ब्रेख्ट' असे ठेवले. एलियटच्या जागी ब्रेख्ट. १९५२ मध्ये पद्यनाटकाकडे निघालेली वाट सोळा वर्षांनी वेगळ्याच गावाला पोचली. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून एखाद्या विद्यार्थ्याने लघुप्रबंध केला तर विसाव्या शतकाच्या मध्यावर समीक्षा कशी हलली हे त्याला दहा पुस्तकांपेक्षा अधिक कळेल. या दोहोंच्या मध्ये १९६६ चे 'मॉडर्न ट्रॅजेडी' आहे, जॉर्ज स्टायनर यांच्या 'द डेथ ऑफ ट्रॅजेडी'ला (१९६१) उभे राहून दिलेले उत्तर. शोकांतिका मेलेली नाही, सामान्य माणसाच्या आयुष्यातल्या आपत्तीला ते नाव द्यायला पंडित तयार नाहीत इतकेच, हा त्याचा आशय. त्याच्या पहिल्या आवृत्तीत स्टालिनवरचे 'कोबा' हे विल्यम्स यांचे स्वतःचे नाटकही छापलेले होते. ते नाटक म्हणून मोठे नाही, पण समीक्षकाने स्वतःला पणाला लावल्याची खूण म्हणून महत्त्वाचे आहे.

येथे एक गोष्ट बाजूला नोंदवतो. या इतिहासात स्त्रिया उशिरा आल्या असे समजण्याचे कारण नाही. आयरिश नाट्यचळवळीवर उना एलिस-फर्मर यांचा ग्रंथ १९३९ सालचा आहे. इब्सेनची भाषांतरेही त्यांनी केली. म्यूरिएल ब्रॅडब्रुक यांचे 'इब्सेन द नॉर्वेजियन' १९४६ चे, म्हणजे विल्यम्स केंब्रिजला इब्सेनवर लिहीत होते त्याच वर्षीचे. सूच्यांत मात्र ही नावे 'अधिक वाचनासाठी' या सदरात जातात.

आता सॉन्डी. बुडापेस्टमधल्या एका नामांकित मनोविकारतज्ज्ञाच्या घरी १९२९ मध्ये त्यांचा जन्म झाला. १९४४ च्या जूनअखेर हंगेरीतून सोळाशेहून अधिक ज्यूंना घेऊन निघालेल्या, वाटाघाटींनी सोडवलेल्या त्या प्रसिद्ध आगगाडीत सॉन्डी कुटुंब होते. गाडी बेर्गेन-बेल्झेनच्या छावणीत पोचली. तिथून डिसेंबरात त्यांची सुटका झाली. पंधरा वर्षांचा हा मुलगा झुरिकला वाढला, तिथेच एमिल श्टायगर यांच्या हाताखाली त्याने प्रबंध लिहिला आणि तोच १९५६ चा ग्रंथ. तेव्हा लेखकाचे वय सत्तावीस होते.

भावगीत, महाकाव्य आणि नाट्य ही मानवी अस्तित्वाची जणू कालातीत रूपे आहेत, अशी श्टायगर यांची भूमिका. शिष्याने गुरूचे घर न पाडता त्याचा पायाच हलवला. नाट्य हे कालातीत रूप नाही, ते प्रबोधनकाळात जन्मलेले आणि म्हणून संपू शकणारे रूप आहे, असे सॉन्डी म्हणतात. दैव, देव, निवेदक आणि सामूहिक गान ही सारी दूर सारून ज्या काळाने माणसामाणसांतल्या संबंधावरच रंगमंच उभा केला, त्या काळाचे ते रूप आहे. त्याचे एकमेव माध्यम संवाद. दोन माणसे समोरासमोर येतात, बोलतात, त्या बोलण्यातून निर्णय होतात आणि निर्णयांतून पुढची घटना जन्मते. सगळे चालू वर्तमानकाळात. १८८० च्या सुमारास या रूपाला तडा गेला. इब्सेनच्या पात्रांचे खरे जीवन भूतकाळात घडून गेलेले आहे. ते फक्त उकरायचे उरते. स्ट्रिंडबर्गकडे एकाच 'मी'च्या नजरेतून सारे दिसते. माटरलिंककडे कृतीच नाही, आहे ती मृत्यूची वाट पाहणे. हाउप्टमानकडे माणसांऐवजी परिस्थिती बोलते. आशय बदलला, रूप मात्र संवादाचेच राहिले. या विसंगतीला सॉन्डी 'संकट' म्हणतात. ब्रेख्ट, पिरांदेल्लो, वाइल्डर, मिलर ही सारी मंडळी त्यांच्या दृष्टीने त्या संकटातून बाहेर पडण्याच्या निरनिराळ्या वाटा शोधणारी आहेत. हेगेल, लुकाच, आडोर्नो यांच्याकडून घेतलेली ही चौकट आहे. पण ती इतक्या कमी पानांत, इतक्या थोड्या शब्दांत वापरलेली आम्हांस दुसरीकडे आढळलेली नाही.

त्यातले एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. चेखव्हच्या 'तीन बहिणी'त आंद्रेई आपल्या फसलेल्या आयुष्याचे गाऱ्हाणे फेरापोंत या म्हाताऱ्या शिपायाजवळ मांडतो. फेरापोंतला ऐकू येत नाही. त्याला नीट ऐकू येत असते तर आपण त्याच्याशी बोललोच नसतो, अशा अर्थाचे आंद्रेईच म्हणतो. आपण वर्गात हा प्रसंग 'कारुण्यमिश्रित विनोद' म्हणून उरकतो. सॉन्डींना त्यात संपूर्ण नाट्यरूपाचे दुखणे दिसते. पात्राला स्वगत बोलायचे आहे, नव्या वास्तववादी रंगभूमीला स्वगत चालत नाही, म्हणून संवादाचा देखावा टिकवण्यासाठी नाटककाराने एक बहिरा माणूस समोर आणून बसवला आहे. पात्राचा एकटेपणा आणि रूपबंधाची अडचण या येथे दोन गोष्टी उरत नाहीत.

ज्याने माणसामाणसांतला संबंध पंधराव्या वर्षी छावणीत तुटताना पाहिला, त्यानेच नाट्यातल्या त्या संबंधाचा मृत्युलेख लिहिला, असे वाक्य लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा. ग्रंथात लेखकाच्या चरित्राचा मागमूसही नाही आणि हा संयम त्याच्या शैलीचाच भाग आहे. शेवटच्या प्रकरणाला 'समारोपाऐवजी' असे नाव देऊन ते थांबतात. १९६५ मध्ये बर्लिनच्या मुक्त विद्यापीठात तौलनिक साहित्याचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले. कवी पाउल त्सेलान यांच्यावर वाङ्मयचौर्याचा आळ आला तेव्हा सॉन्डी त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले होते. त्सेलान यांनी १९७० मध्ये आत्महत्या केली. त्यांच्या कवितेवरचा अभ्यास अपुरा ठेवून १९७१ च्या ऑक्टोबरात सॉन्डी यांनीही बर्लिनच्या हालेनझे तळ्यात जीवन संपवले. वय बेचाळीस. त्यांच्या संस्थेला २००५ पासून त्यांचे नाव आहे.

एसलिनही बुडापेस्टमध्ये जन्मलेले आणि व्हिएन्नात वाढलेले. तिथे नाट्यशिक्षण घेऊन १९३८ मध्ये त्यांना पळावे लागले. १९४० पासून ते बीबीसीत होते आणि १९६३ ते १९७७ तिथल्या नभोनाट्यविभागाचे प्रमुख. बेकेट, आदामोव्ह, योनेस्को, झेने या चौघांना एका नावाखाली आणणारे त्यांचे पुस्तक एका तुरुंगात सुरू होते. १९ नोव्हेंबर १९५७ रोजी सॅन क्वेन्टिनच्या कारागृहात सॅन फ्रान्सिस्कोच्या नटांनी सुमारे चौदाशे कैद्यांपुढे 'वेटिंग फॉर गोदो' केले. नाटक निवडण्याचे एक कारण, त्यात स्त्रीपात्र नाही. सुशिक्षित प्रेक्षक जिथे गोंधळले होते तिथे कैद्यांना नाटक थेट कळले. म्हणजे 'अ‍ॅब्सर्ड' या संज्ञेचा प्रारंभ एका प्रयोगाच्या आणि एका विशिष्ट प्रेक्षकाच्या हकिकतीने होतो, आणि हेरमान यांनी ते आनंदाने वाचले असते. रूबी कोन यांचेही तसेच. १९५३ साली पॅरिसला शिकत असताना त्यांनी 'गोदो' त्याच्या पहिल्याच निर्मितीत पाहिले आणि बेकेटच्या अभ्यासाला आयुष्य दिले. बेकेटचे विखुरलेले लेखन 'डिस्जेक्टा' या नावाने १९८३ मध्ये त्यांनीच संपादित केले.

पण संज्ञेचे पुढे काय झाले? १९५८ साली कॅन्सस विद्यापीठातून 'मॉडर्न ड्रामा' हे नियतकालिक निघाले, विभाग वाढले, पदे निर्माण झाली, आणि अभ्यासाला जे स्थैर्य आले त्याबरोबर लेबलेही आली. आपली संज्ञा हे कामचलाऊ साधन आहे, वर्गीकरणाची पेटी नव्हे, असे एसलिन यांनी १९६५ मध्येच बजावले होते. कुणी ऐकले नाही. १९६८ ची पेलिकन आवृत्ती स्वस्त होती आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगात सर्वत्र गेली. सॉन्डींचा ग्रंथ इंग्रजीत यायला मात्र १९८७ साल लागले. एकतीस वर्षे! आम्ही युरोपीय समीक्षा इंग्रजीच्या खिडकीतून पाहतो. त्या खिडकीत जे आधी आले त्याने आमची परिभाषा घडवली. आमच्या हाती 'अ‍ॅब्सर्ड' आले, 'संवादाचे संकट' आले नाही. यात कुणाचा दोष नाही. भाषांतरांच्या क्रमाचा हा परिणाम आहे.

परिणाम लहान नाही. सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' १९७४ चे. भाऊराव मरतो आणि मेल्यावर बोलू लागतो. जुन्याच स्मशानात जाळले जावे हा त्याचा हट्ट. प्रेत बोलते, तेव्हा हे अ‍ॅब्सर्ड, असे उत्तरपत्रिकांत लिहिले जाते आणि गुणही मिळतात. ते प्रेत कीर्तन करते, याचा उल्लेख पुढच्या वाक्यात, वैशिष्ट्य म्हणून. वस्तुतः कीर्तन हेच तिथे मुख्य आहे: निवेदक, गाणे आणि श्रोत्यांशी थेट बोलणे, म्हणजे सॉन्डींच्या युरोपीय नाट्यरूपाने जे जे वगळले होते ते सारे. ते आपल्याकडे कधी पूर्ण वगळले गेलेच नव्हते. तेव्हा येथे 'संकट' कसले आणि कोणत्या रूपाचे, हा प्रश्न सॉन्डींपाशी नेऊन भिडवण्यासारखा आहे. ते उत्तर देतीलच असे नाही.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'त (१९६७) त्यांची दृष्टी अधिक थेट उपयोगी पडते. बेणारेबाईंचे शेवटचे प्रदीर्घ स्वगत भावोत्कट आहे की नाटकी, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. रूपबंधाकडे पाहिले तर काय दिसते? खोट्या खटल्याचा सारा व्यवहार संवादाचा आहे: प्रश्न, उत्तर, साक्ष, उलटतपासणी. या संवादात सगळे बोलतात. जिच्याविषयी बोलायचे ती मात्र गप्प होत जाते. अखेर न्यायासनावरून बाईंना बोलायला दहा सेकंदांची मुदत मिळते आणि बाकीची पात्रे जागच्या जागी गोठतात. त्या पुष्कळ वेळ बोलतात. कुणीही ऐकत नाही, कारण रंगमंचावरच्या घड्याळात त्या बोललेल्याच नाहीत. आंद्रेईसमोर निदान एक बहिरा माणूस तरी होता. येथे तेंडुलकरांनी तोही ठेवलेला नाही. ऐकणारे आहेत ते अंधारात, तिकीट काढून बसलेले. संहितेत ते स्वगत, प्रयोगात मात्र दुसऱ्या बाजूला शेकडो श्रोते. हेरमान आणि सॉन्डी यांचे काम येथे एकाच वेळी लागते. वेळ संपल्याचे जाहीर होते, माणसे हलू लागतात, खऱ्या प्रयोगाची तयारी सुरू होते, आणि सामंत आपल्या पुतण्यासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट बाईंपाशी ठेवून जातो.